‘सब्जेक्ट टू’ : ऑगस्ट १९४५मधले एक वाक्य आणि त्याची दोन जपानी रूपे

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने जपानला पाठवलेल्या उत्तरात एक वाक्य होते. शरणागतीच्या क्षणापासून सम्राट आणि जपानी सरकार यांचा राज्य चालवण्याचा अधिकार दोस्त राष्ट्रांच्या सर्वोच्च सेनापतीला ‘सब्जेक्ट टू’ राहील, असे ते वाक्य. तोक्योत ते दोन ठिकाणी वाचले गेले. परराष्ट्र खात्याने या दोन शब्दांसाठी लिहिले, ‘सेइगेन नो मोतो नि ओकारुरु’, म्हणजे ‘मर्यादेखाली ठेवला जाईल’. लष्कराने लिहिले, ‘रेइझोकु सुरु’, म्हणजे ‘दास होऊन राहील’. इंग्रजी मजकूर तोच, दिवसही तोच, आणि दोन्हीकडे इंग्रजी जाणणारी माणसे. पुढचे दोन-अडीच दिवस जपानचे सरकार या दोन वाचनांमध्ये अडकून पडले.

भाषांतराची आणि इतिहासाची गाठ सांगताना बहुतेक जण ‘मोकुसात्सु’ची गोष्ट सांगतात. ‘गप्प राहणे’पासून ‘तुच्छतेने दुर्लक्ष करणे’पर्यंत अर्थ देणारा हा शब्द जुलै १९४५मध्ये पंतप्रधान सुझुकी कांतारो यांनी वापरला आणि तो इंग्रजीत फार कडक अर्थाने गेला, अशी ती गोष्ट. तिथे भाषांतर जपानीतून इंग्रजीत होते आणि अर्थ ठरवणारे लोक समुद्रापलीकडे होते. ‘सब्जेक्ट टू’चे प्रकरण मला जास्त मोलाचे वाटते. इथे भाषांतर करणाऱ्याला मूळ शब्दाच्या छटा माहीत होत्या, त्यातली एक निवडल्याने काय होईल याचीही कल्पना होती, आणि मूळ इंग्रजी मजकूर विरोधकांच्याही टेबलावर होता. म्हणजे अज्ञान बाजूला ठेवून, केवळ निवड म्हणून हे भाषांतर तपासता येते.

वाक्य आले कुठून

२६ जुलै १९४५ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांनी जपानला शरण यायला सांगणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा काढला. त्यात सम्राटाचे नाव कुठेच नव्हते. ६ ऑगस्टला हिरोशिमा झाले. ९ ऑगस्टला सोव्हिएत फौजा मांचुरियात शिरल्या आणि त्याच दिवशी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर बॉम्ब पडला. युद्ध चालवणाऱ्या सहा जणांच्या सर्वोच्च मंडळात तीन विरुद्ध तीन अशी फूट होती. पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी आणि नौदलमंत्री योनाई मित्सुमासा यांना एकच अट हवी होती : राजसंस्था टिकावी. लष्करमंत्री अनामी कोरेचिका, लष्करप्रमुख उमेझु योशिजिरो आणि नौदलप्रमुख तोयोदा सोएमु यांना आणखी तीन अटी हव्या होत्या : निःशस्त्रीकरण आपणच करू, युद्धगुन्ह्यांचे खटले आपणच चालवू, आणि परकी ताबा नको किंवा कमीत कमी हवा.

९ तारखेच्या रात्री राजवाड्याच्या आवारातल्या भुयारात बैठक बसली आणि मध्यरात्रीनंतर सम्राट हिरोहितो यांनी तोगोंच्या बाजूने कौल दिला. तिथे प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे सम्राटाला सल्ला देणाऱ्या मंडळाचे, अध्यक्ष हिरानुमा किइचिरो यांनी अटीची शब्दरचना बदलायला लावली. ‘सार्वभौम शासक म्हणून सम्राटाच्या अधिकारांना बाध आणणारी कोणतीही मागणी या जाहीरनाम्यात नाही, असे समजून’ आम्ही तो स्वीकारतो, अशी ती अट झाली. राजघराणे टिकावे, एवढीच मागणी आता उरली नव्हती. १८८९च्या राज्यघटनेने सम्राटाला दिलेले सगळे अधिकार, फौजेचे सर्वोच्च सेनापतिपदसुद्धा, त्या एका शब्दप्रयोगात मावत होते. वॉशिंग्टनमधल्या परराष्ट्र खात्यातल्या जपानतज्ज्ञांनी हे ओळखले आणि अट आहे तशी मान्य करू नका, असा आग्रह धरला.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांच्यापुढे पेच होता. ‘हो’ म्हटले तर बिनशर्त शरणागतीचे धोरण मोडते. ‘नाही’ म्हटले तर युद्ध लांबते, आणि परदेशात पसरलेल्या जपानी फौजांना शस्त्रे खाली ठेवायला सांगू शकेल असा एकमेव माणूस हातचा जातो. म्हणून उत्तरात हो-नाही काहीच आले नाही. सम्राट राहील असेही नाही, जाईल असेही नाही. अधिकार ‘सब्जेक्ट टू’ राहील. सम्राटाने फौजांना हुकूम द्यायचा आहे असे लिहिल्याने तो पदावर असणार हे आपोआप सूचित झाले. सम्राटाने स्वतः सही करावी असे मसुद्यात होते. ब्रिटनने सुचवल्यावर, त्याने सहीचा अधिकार द्यावा आणि सही होईल असे पाहावे, असा बदल झाला. शेवटी, जपानच्या सरकारचे अंतिम स्वरूप जपानी जनतेच्या मुक्तपणे व्यक्त झालेल्या इच्छेने ठरेल, हेही वाक्य आले.

शब्द मुद्दाम असा निवडला होता की त्यात दोन्ही गोष्टी राहाव्यात. तोक्योतल्या अनुवादकाच्या वाट्याला नेमके हेच आले : मोघमपणा हाच ज्याचा आशय आहे असे वाक्य.

शब्दाचे पदर

‘सब्जेक्ट’ हा शब्द इंग्रजीत नाम म्हणून विषय, व्याकरणातला कर्ता आणि राजाची प्रजा असे तीन अर्थ देतो. क्रियापद झाला की ‘एखाद्याला काही सोसायला लावणे’. ‘टू’ जोडून विशेषण झाला की अर्थ पुढे येणाऱ्या शब्दावर ठरतो. पुढे ‘मंजुरी’ आली तर ‘मंजुरीच्या अटीवर’. पुढे ‘कर’ आला तर ‘करपात्र’. पुढे ‘कायदा’ आला तर ‘कायद्याच्या मर्यादेत’. आणि पुढे माणूस किंवा सत्ता आली तर ‘त्याच्या हुकमाखाली’.

मराठीत आपली सोय वेगळी आहे. कायद्याच्या मराठीत ‘च्या अधीन राहून’ हा शब्दप्रयोग रुळलेला आहे आणि म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली ‘बाजाराच्या जोखमीच्या अधीन’ ही ओळ तर सगळ्यांना पाठ आहे. ‘अधीन’मध्ये अटीचा अर्थही बसतो आणि सत्तेचाही. बर्न्स यांचे वाक्य मराठीत आणणाऱ्याने ‘सर्वोच्च सेनापतीच्या अधीन राहील’ असे लिहिले असते तर मूळचा मोघमपणा बराचसा शाबूत राहिला असता. जपानी अनुवादकाला असा आयता शब्द त्या रात्री सापडला नाही. एका बाजूला मर्यादा, दुसऱ्या बाजूला ताबेदारी, आणि दोन्हींची लिपीचिन्हे आपापला अर्थ उघड्यावर मांडणारी.

ती चिन्हे जवळून पाहण्यासारखी आहेत. ‘रेइझोकु’मधले पहिले चिन्ह ‘दोरेइ’ म्हणजे गुलाम या शब्दात येते. दुसरे ‘झोक्कोकु’ म्हणजे मांडलिक देश या शब्दात. ‘सम्राटाचा अधिकार रेइझोकु करील’ हे वाक्य जपानी वाचकाच्या डोळ्यांपुढे आले की गुलाम आणि मांडलिक ही दोन्ही चित्रे त्याला कागदावरच दिसतात. उलट ‘सेइगेन’ हा कचेरीतला, कायद्यातला शब्द. त्यातले ‘गेन’ म्हणजे हद्द. परराष्ट्र खात्याच्या वाक्यात ‘अधिकार’ या अर्थी ‘केन्गेन’ हा शब्द होता; त्यातही तेच ‘गेन’. ‘केन्गेन’ म्हणजे हद्द ठरवून दिलेली सत्ता. तिच्यावर आणखी एक हद्द घातली जाते, असे ते वाक्य वाचताना वाटते. कानाला आणि डोळ्याला ते शांत लागते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

१२ ऑगस्टची पहाट

अधिकृत खलिता स्वित्झर्लंडमार्फत यायचा होता. त्याआधीच १२ ऑगस्टला मध्यरात्र उलटून पाऊण तास झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवरून उत्तराचा मजकूर तोक्योत ऐकला गेला. परराष्ट्र उपमंत्री मात्सुमोतो शुनइची, करार विभागाचे प्रमुख शिबुसावा शिनइची आणि मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव साकोमिझु हिसात्सुने यांच्यापुढे तो आला. मात्सुमोतोंचे मत पडले की उत्तरावर फाटे फोडत बसलो तर बोलणी तुटतील. आहे तसे स्वीकारावे. हे मत आधी बनले आणि भाषांतर त्याच्या सोबतीने झाले, हे लक्षात ठेवायला हवे.

‘सब्जेक्ट टू’ला ‘सेइगेन नो मोतो नि’ मिळाले ते असे. पण तेवढ्याने भागणार नव्हते. सरकारच्या अंतिम स्वरूपाचे वाक्य जास्त धोक्याचे होते, कारण जनतेच्या इच्छेवर राजसंस्था सोपवणे म्हणजे राष्ट्राच्या मूळ घडणीला, ‘कोकुताइ’ला, हात घालणे. इंग्रजी ‘गव्हर्न्मेंट’चेही दोन अर्थ : राज्यव्यवस्था आणि सरकार. परराष्ट्र खात्याने ‘सेइफु’ म्हणजे सरकार हा अरुंद अर्थ घेतला. त्यामुळे जनता ठरवील ते सरकारचे रूप; सम्राट त्याच्या वर आणि बाहेर, असे वाचायची वाट मोकळी राहिली. एकाच पत्रातल्या दोन अनेकार्थी शब्दांना एकाच दिशेने वळवले गेले.

लष्कराचे वाचन

लष्कराने स्वतः मजकूर वाचला आणि त्याला ‘रेइझोकु’ दिसले. १२ तारखेच्या सकाळी उमेझु आणि तोयोदा सम्राटाकडे गेले आणि ही अट मान्य केली तर देश मांडलिक होईल, असे त्यांनी सांगितले. अधिकृत उत्तर येऊ दे, मग नीट पाहू, असे सम्राटाने त्यांना म्हटले. थोड्या वेळाने तोगो गेले. त्यांना मात्र उत्तर स्वीकारण्यास संमती मिळाली. हिरानुमा पंतप्रधानांकडे पोचले. त्यांचे दोन आक्षेप होते आणि ते नेमके ‘सब्जेक्ट टू’ आणि ‘गव्हर्न्मेंट’ यांवरच होते. अनामीही त्याच मताचे. दुपारच्या मंत्रिमंडळात सुझुकी डळमळले आणि अमेरिकेला पुन्हा विचारावे असे म्हणू लागले. तोगो राजीनाम्याच्या विचारापर्यंत आले.

त्या संध्याकाळी स्वित्झर्लंडमार्फतचे अधिकृत उत्तर आले. मात्सुमोतोंनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याची नोंद करायला लावली, म्हणजे रात्रीत कोणाला त्यावर बैठक बोलावता येऊ नये. दरम्यान राजमुद्रेचे रक्षक आणि सम्राटाचे निकटचे सल्लागार किदो कोइची यांनी सुझुकींना भेटून सम्राटाचा कल समजावला आणि सुझुकी पुन्हा ठाम झाले. स्टॉकहोममधले जपानी वकील ओकामोतो सुएमासा यांची तारही तोगोंच्या कामी आली. उत्तराचा खरा अर्थ जपानची अट मान्य करण्यासारखाच आहे, असे तिकडच्या वृत्तपत्रांवरून दिसते, असा तिचा सूर होता. शब्दकोशात न मिळणारी माहिती होती ती : लिहिणाऱ्याच्या गोटात वाक्य कसे वाचले जाते आहे.

कोणाचे भाषांतर बरोबर

प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परराष्ट्र खात्याने शहाणपण दाखवले आणि लष्कराने आडमुठेपणा केला, एवढ्यावर बरेच जण थांबतात. भाषेच्या अंगाने पाहिले तर असे म्हणता येत नाही.

लष्कराच्या बाजूने दोन भक्कम गोष्टी आहेत. पहिली, वाक्यात ‘सब्जेक्ट टू’च्या पुढे कोणती अट किंवा तरतूद आलेली नाही, सेनापती आला आहे, हाडामांसाचा माणूस. अशा ठिकाणी इंग्रजीत हुकमाखाली असण्याचाच अर्थ आधी येतो. परराष्ट्र खात्याला ‘मर्यादा’ हे नाम पदरचे घालावे लागले : सेनापतीच्या मर्यादेखाली. दुसरी, मर्यादा असे म्हणायचे असते तर दोस्त राष्ट्रांकडे त्यासाठी सरळ शब्द होता आणि तो त्यांनी वापरलेलाही होता. पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या आठव्या कलमात जपानचे सार्वभौमत्व चार मोठ्या बेटांपुरते आणि दोस्त ठरवतील त्या लहान बेटांपुरते ‘लिमिटेड’ राहील असे स्वच्छ लिहिले आहे. तिथे एक शब्द आणि इथे दुसरा, याला काही कारण असणारच.

परराष्ट्र खात्याच्या बाजूनेही बोलता येते. वाक्याचा कर्ता सम्राट नाही; सम्राटाचा आणि सरकारचा ‘अधिकार’ हा कर्ता आहे. माणूस दास होतो, देश मांडलिक होतो. अधिकाराला आळा बसतो, त्याच्यावर देखरेख येते. ‘अधिकार रेइझोकु करील’ हे जपानीत तिरके लागते आणि ते तसे लागते म्हणूनच वाचणारा आपोआप ‘अधिकार’ विसरून ‘सम्राट’ वाचतो. वाक्याच्या पुढच्या भागात सेनापती शरणागतीच्या अटी अमलात आणण्यासाठी योग्य वाटेल ते करील, असे आहे. म्हणजे त्याची सत्ता एका कामाशी बांधलेली आहे. ‘मर्यादा’ या शब्दाला तिथे थोडा आधार मिळतो. शिवाय या अधिकाराच्या वापराला बंधन घालणे ही कल्पना जपानी कायद्याला परकी नव्हती; १८८९च्या घटनेच्या चौथ्या कलमानेच सम्राटाने आपली सत्ता घटनेतल्या तरतुदींनुसार वापरावी असे सांगितले होते.

माझे मत असे : सत्तेचे नाते लष्कराने बरोबर ओळखले आणि त्याला चुकीचा रंग दिला. परराष्ट्र खात्याने रंग बरोबर ठेवला, पण नाते सौम्य करून सांगितले. मूळ वाक्य कोरडे, कायदेशीर होते. त्यात अपमान नव्हता, तसेच आश्वासनही नव्हते. ‘रेइझोकु’ने त्यात अपमान घातला, ‘सेइगेन’ने आश्वासन. दोन्ही शब्द शब्दकोशाच्या कक्षेत बसतात आणि दोन्हींनी मूळचा मोघमपणा संपवला.

मग मात्सुमोतो आणि शिबुसावा यांनी फसवणूक केली का? मला तसे वाटत नाही. इंग्रजी प्रत सगळ्यांना उपलब्ध होती, हिरानुमांनी आक्षेप त्याच शब्दांवर घेतले, वाद उघडपणे झाला. मंत्री काय स्वीकारत आहेत हे कोणापासून लपवले गेले नव्हते. अनुवादकाने दोन शक्य अर्थांपैकी ज्याने माणसे वाचतील तो अर्थ उचलला आणि त्यासाठी व्याकरणाचा आधारही त्याच्याकडे होता. त्या दिवसांत जपानी शहरांवर आगबॉम्ब पडत होते आणि मांचुरियात सोव्हिएत फौजा पुढे सरकत होत्या. त्या परिस्थितीत मीही ‘सेइगेन’च निवडले असते. खलित्याची नोंद पुढे ढकलणे हा प्रकार वेगळा. ती कचेरीतली चाल होती, भाषांतर नव्हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. युद्ध भाषांतराने थांबवले नाही. १३ तारखेला सर्वोच्च मंडळ आणि मंत्रिमंडळ दोन्ही बसले आणि एकमत झाले नाही. १४ तारखेला पहाटे अमेरिकी विमानांनी तोक्योवर पत्रके टाकली. त्यांत जपानने देऊ केलेली शरणागती आणि तिला आलेले उत्तर असे दोन्ही मजकूर जपानीत छापलेले होते. तोपर्यंत सामान्य जपानी माणसाला यातले काहीच माहीत नव्हते. सैनिकांच्या हाती ही पत्रके पडली तर बंड होईल या धास्तीने किदो सम्राटाकडे धावले आणि त्याच सकाळी शेवटची बैठक बोलावली गेली. समोरच्यांचा हेतू चांगला आहे असे आपण मानतो, असे सांगून सम्राटाने उत्तर स्वीकारले. दोन भाषांतरांमधला वाद विद्वत्तेने सुटला नाही. ज्याच्या अधिकाराबद्दल वाक्य होते त्यानेच तो मिटवला. भाषांतराने एवढे केले की तो क्षण येईपर्यंत ‘स्वीकारा’ म्हणणाऱ्यांच्या हातात उभे राहण्याजोगा एक मजकूर ठेवला.

त्या रात्री काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाड्याचा ताबा घेऊन सम्राटाच्या आवाजातल्या शरणागतीच्या घोषणेची तबकडी शोधली. ती त्यांना सापडली नाही. १५ तारखेच्या पहाटे अनामींनी आत्महत्या केली. दुपारी १२ वाजता घोषणा प्रसारित झाली आणि तिच्यात ‘कोकुताइ’ राखता आले असे म्हटलेले होते. परराष्ट्र खात्याचे वाचन आता सम्राटाच्या मुखाने अधिकृत झाले.

शब्दाचा पुढचा प्रवास

२ सप्टेंबरला ‘मिझुरी’ या युद्धनौकेवर शरणागतीच्या दस्तावर सह्या झाल्या. दस्ताच्या शेवटी तेच इंग्रजी वाक्य, जवळजवळ जसेच्या तसे, आणि जपानी प्रतीत ‘सेइगेन नो मोतो नि ओकारुरु मोनो तोसु’. सरकारतर्फे नवे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु मामोरु यांनी सही केली. सैन्यदलांतर्फे उमेझु योशिजिरो यांनी.

दुसऱ्याच दिवशी या शब्दाची पहिली कसोटी लागली. दोस्त राष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती डग्लस मॅकआर्थर यांच्या कचेरीने थेट लष्करी राजवटीच्या घोषणा तयार ठेवल्या होत्या : कारभाराची भाषा इंग्रजी, लष्करी न्यायालये, ताबाफौजेचे चलन. शिगेमित्सु ३ सप्टेंबरला मॅकआर्थरना भेटले, सरकारमार्फतच कारभार चालवावा असे त्यांनी पटवले आणि त्या घोषणा मागे घेतल्या गेल्या. सम्राट आणि मंत्रिमंडळ जागेवर राहिले, हुकूम त्यांच्याकरवी उतरू लागले. ‘मर्यादेखाली ठेवलेला अधिकार’ या वर्णनाला हे साजेसे होते.

पण ६ सप्टेंबरला वॉशिंग्टनहून मॅकआर्थरना त्यांच्या अधिकाराबद्दल जे निर्देश गेले त्यांत ‘सब्जेक्ट टू’ हा शब्द उरला नव्हता. सम्राट आणि जपानी सरकार यांचा अधिकार तुम्हाला ‘सबॉर्डिनेट’ म्हणजे दुय्यम आहे, जपानशी आपले नाते कराराचे नसून बिनशर्त शरणागतीचे आहे, असे त्यांत लिहिले होते. ऑगस्टमध्ये मुद्दाम मोघम ठेवलेले वाक्य लिहिणाऱ्यांनीच सप्टेंबरमध्ये उलगडले आणि ते लष्कराच्या वाचनाच्या जास्त जवळ निघाले.

त्याचा अर्थ महिनाभरात व्यवहारातही दिसला. ४ ऑक्टोबरला मॅकआर्थर यांच्या कचेरीने नागरी स्वातंत्र्यावरचे निर्बंध उठवण्याचा, राजकीय कैद्यांना सोडण्याचा आणि गृहमंत्र्यांना पदावरून दूर करण्याचा हुकूम काढला. हुकूम जपानी सरकारला उद्देशून होता आणि अंमलबजावणीही सरकारनेच करायची होती. नाही म्हणण्याची मुभा मात्र नव्हती. सुझुकींनंतर आलेल्या हिगाशिकुनी मंत्रिमंडळाने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.